औषधांमुळे घटणारी जीवनसत्त्वे

मधुमेह होऊन दहा-बारा वर्षे झालेल्या व्यक्तीच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, की दोष साखरेला दिला जातो. चालताना तोल जाऊ लागला तर वयाला, विसरभोळेपणा वाढला तर स्वभावाला आणि सतत थकवा जाणवू लागला तर दगदगीला. यातील प्रत्येक निदान बरोबर असू शकते. परंतु या सर्व तक्रारींमागे आणखी एक कारण असू शकते आणि ते बरेचदा घरातल्या औषधांच्या डब्यातच सापडते. वर्षानुवर्षे नियमाने घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्या आपले काम चोख बजावत असतानाच शरीरातील एखाद्या जीवनसत्त्वाचा साठा हळूहळू रिता करीत असतात.

अशी औषधे वाईट असतात, असा याचा अर्थ नव्हे. त्यातील बहुतेक औषधे प्राण वाचवणारी आहेत आणि ती बंद करणे हाच अधिक मोठा धोका ठरतो. मात्र त्यांच्यामुळे होणारी जीवनसत्त्वांची घट वेळीच लक्षात आली तर ती साध्या उपायांनी भरून काढता येते. लक्षात आली नाही तर काही वेळा कायमचे नुकसान होते. म्हणूनच हा विषय रुग्णांनी आणि त्यांच्या कुटुंबीयांनी समजून घेणे आवश्यक आहे.

घट होते कशी?

औषधे जीवनसत्त्वांवर प्रामुख्याने चार मार्गांनी परिणाम करतात. काही औषधे अन्नातील जीवनसत्त्व आतड्यांत शोषले जाण्यातच अडथळा आणतात. काही औषधांमुळे यकृतातील विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, अधिक कार्यक्षम होतात आणि जीवनसत्त्वाचे विघटन वेगाने होऊ लागते. काही औषधांमुळे जीवनसत्त्व मूत्रावाटे अधिक प्रमाणात बाहेर टाकले जाते. चौथ्या प्रकारात जीवनसत्त्व शरीरात असते, पण औषध त्याचे कार्यच रोखून धरते. हा परिणाम कधी अनपेक्षित असतो, तर कधी त्या औषधाचा तोच मूळ उद्देश असतो.

दोन-चार दिवसांच्या औषधोपचाराने सहसा काही बिघडत नाही. प्रश्न निर्माण होतो तो महिनोन् महिने, वर्षानुवर्षे घ्याव्या लागणाऱ्या औषधांच्या बाबतीत.

मेटफॉर्मिन आणि 'ब-१२'

मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात जगभर सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे मेटफॉर्मिन. युरोपातील एका शेंगवर्गीय वनस्पतीतील द्रव्याच्या अभ्यासातून या वर्गाच्या औषधांचा शोध लागला. १९५७ साली फ्रेंच वैद्यक झाँ स्टर्न यांनी मधुमेहावरील मेटफॉर्मिनच्या वापराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अमेरिकेत त्याला मान्यता मिळण्यास मात्र १९९४ साल उजाडले. स्वस्त, परिणामकारक आणि दीर्घ अनुभवाने पारखलेले असे हे औषध आहे.

'ब-१२' जीवनसत्त्वाचा प्रवास शरीरात मोठा गुंतागुंतीचा असतो. अन्नातील प्रथिनांपासून ते जठरात सुटे होते, जठरात स्रवणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाशी जोडले जाते आणि ही जोडी लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषली जाते. या शेवटच्या टप्प्यासाठी कॅल्शियमची उपस्थिती आवश्यक असते. मेटफॉर्मिन नेमका या कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या क्रियेत अडथळा आणते, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते.

या परिणामाची जाणीव वैद्यकशास्त्राला १९७० च्या सुमारासच झाली होती. पुढे नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ३९० मधुमेही रुग्णांवर चार वर्षांहून अधिक काळ अभ्यास करण्यात आला. काहींना मेटफॉर्मिन, तर काहींना केवळ दिखाऊ गोळी देण्यात आली होती. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दिखाऊ गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत मेटफॉर्मिन घेणाऱ्यांच्या रक्तातील 'ब-१२'चे प्रमाण सरासरी १९ टक्क्यांनी घटले होते. उपचाराचा काळ वाढत गेला तशी ही घटही वाढत गेली. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ साली 'ब-१२'ची कमतरता हा मेटफॉर्मिनचा सर्रास आढळणारा दुष्परिणाम असल्याचे स्पष्ट केले. मात्रा जितकी जास्त आणि काळ जितका दीर्घ, तितका धोका अधिक.

भारतात धोका अधिक का?

प्रौढ व्यक्तीला दिवसाला 'ब-१२' लागते ते जेमतेम दोन ते अडीच मायक्रोग्रॅम. मिश्राहारी, सुदृढ व्यक्तीच्या शरीरात त्याचा काही मिलिग्रॅम, म्हणजे कित्येक वर्षे पुरेल इतका साठा असतो आणि तो मुख्यतः यकृतात असतो. त्यामुळे शोषण मंदावले तरी कमतरता जाणवण्यास अनेक वर्षे लागतात. मात्र हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. ते मिळते मांस, मासे, अंडी आणि दूध-दुभत्यातून. पूर्ण शाकाहारी आणि दूधही बेताचेच घेणाऱ्या व्यक्तीचा साठा मुळातच तुटपुंजा असतो.

या बाबतीत पुण्यातील संशोधन जगभर उल्लेखले जाते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतील गर्भवती महिला आणि त्यांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास केला. त्यात सुमारे दोन तृतीयांश मातांच्या रक्तात 'ब-१२' कमी असल्याचे आढळले. शहरी मध्यमवर्गीय पुरुषांमध्येही ही कमतरता मोठ्या प्रमाणावर असल्याचे याच गटाच्या पुढील अभ्यासातून दिसून आले. दुसरीकडे, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. मुळातच रिकाम्या असलेल्या कोठारातून औषधही वाटा उचलू लागले, की परिणाम काय होईल हे सांगणे न लगे.

चुकीच्या निदानाचा धोका

'ब-१२'च्या कमतरतेमुळे रक्तक्षय होतो, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, थकवा येतो. पण खरे भय आहे ते मज्जातंतूंना होणाऱ्या इजेचे. हातापायांना मुंग्या येणे, बधिरपणा, तळव्यांची आग, तोल जाणे, स्मरणशक्ती मंदावणे ही तिची लक्षणे. मधुमेहामुळे मज्जातंतूंना इजा झाली तरी जवळपास हीच लक्षणे दिसतात. त्यामुळे केवळ तक्रार ऐकून दोहोंतील फरक करणे कठीण असते. साखरेवर सारे खापर फोडून रक्त न तपासल्यास सहज दुरुस्त होण्याजोगी कमतरता तशीच राहते. ती फार काळ राहिली तर मज्जारज्जूला इजा पोहोचते आणि मग उपचार करूनही पूर्ण सुधारणा होईलच असे नाही.

येथे आणखी एक फसवा भाग आहे. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या घेतल्याने 'ब-१२'च्या अभावी झालेला रक्तक्षय सुधारतो. मज्जातंतूंची हानी मात्र सुरूच राहते. हिमोग्लोबिन चांगले आहे म्हणून 'ब-१२'ही पुरेसे असेल, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, विशेषतः रक्तक्षय किंवा मुंग्यांचा त्रास असलेल्यांनी, ठरावीक कालावधीने रक्तातील 'ब-१२' तपासून घ्यावे, अशी अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची शिफारस आहे. अहवाल काठावरचा आला तर होमोसिस्टीन अथवा मिथाइलमेलॉनिक अ‍ॅसिड यांच्या चाचण्यांतून नेमके चित्र कळू शकते. कमतरता आढळल्यास गोळ्या किंवा इंजेक्शनद्वारे ती भरून काढता येते. त्यासाठी मेटफॉर्मिन सोडण्याची गरज सहसा पडत नाही.

आम्लपित्तावरील गोळ्या

ओमेप्राझोल १९८८ साली युरोपात बाजारात आले आणि जठरातील अल्सरच्या उपचारांचे चित्रच पालटले. पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल ही त्याच कुळातील औषधे. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी यातील एक गोळी घेण्याची सवय शहरांतील असंख्य घरांत रुजली आहे. डॉक्टरांनी दोन-चार आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी पुढे कित्येक वर्षे चालूच राहते. चिठ्ठी जुनी होते, गोळी मात्र सुटत नाही.

अन्नातील 'ब-१२' प्रथिनांच्या पकडीतून सुटण्यासाठी जठरातील आम्लाची गरज असते. आम्लच रोखले गेले की ही क्रिया मंदावते. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्यसेवेच्या नोंदींवर आधारित, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दोन वर्षे वा अधिक काळ ही औषधे घेणाऱ्यांमध्ये 'ब-१२'च्या कमतरतेची शक्यता सुमारे ६५ टक्क्यांनी अधिक आढळली. दीर्घकाळ वापरामुळे रक्तातील मॅग्नेशियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली दिला होता. लोहाचे शोषणही आम्लाअभावी कमी होते.

मेटफॉर्मिन आणि आम्लरोधक गोळी दोन्ही वर्षानुवर्षे घेणारे, त्यात शाकाहारी आणि वयाची साठी ओलांडलेले, असे रुग्ण थोडे नाहीत. या गटाने 'ब-१२'ची तपासणी टाळू नये. मात्र गोळी एकाएकी बंद करणेही योग्य नाही. अचानक थांबवल्यास काही काळ आम्ल पूर्वीपेक्षा अधिक स्रवते आणि त्रास उफाळून येतो. शिवाय अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामके घेणाऱ्या काही रुग्णांना रक्तस्रावापासून बचावासाठी तिची खरोखरच गरज असते.

क्षयरोगाच्या उपचारात 'ब-६'

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. या रोगावरील प्रमुख औषधांपैकी एक असलेले आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आले. अल्पावधीतच ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या हातापायांची आग होऊ लागल्याचे लक्षात आले. आयसोनियाझिड 'ब-६' म्हणजेच पायरिडॉक्सिनच्या कार्यशील रूपाशी संयोग पावते आणि ते निकामी करते, हे १९५४ पर्यंत स्पष्ट झाले. चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये, १९५६ साली स्थापन झालेल्या क्षयरोग उपचार संशोधन केंद्रानेही पुढे या दुष्परिणामावर आणि पायरिडॉक्सिनच्या अल्प मात्रेने तो टाळण्यावर महत्त्वाचे काम केले.

कुपोषित, मधुमेही, गर्भवती, मद्यपी, मूत्रपिंडाचे विकार असलेले आणि एचआयव्हीबाधित रुग्ण यांना हा धोका अधिक असतो. त्यांना औषधांसोबत पायरिडॉक्सिनची छोटी गोळी दिली जाते. ही गोळी टाळू नये आणि मनाने वाढवूही नये. कारण 'ब-६' मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास त्यानेही मज्जातंतूंना इजा होते. ज्या त्रासावर जो उपाय, तोच अतिरेक झाल्यास त्रासाचे कारण ठरतो!

अपस्मार आणि हाडांचे आरोग्य

फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही अपस्मारावरील जुनी आणि आजही वापरात असलेली औषधे. ती यकृतातील विकरांना चालना देतात. परिणामी 'ड' जीवनसत्त्वाचे विघटन वेगाने होते, कॅल्शियमचे शोषण घटते आणि हाडे ठिसूळ किंवा मऊ होऊ लागतात. ज्या रुग्णाला झटक्यात पडण्याचा धोका आहे त्याचीच हाडे कमकुवत होणे, हे दुहेरी संकट आहे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनही याच मार्गाने 'ड' जीवनसत्त्व घटवते. विकरांना अशी चालना न देणारी नवी औषधेही आता उपलब्ध आहेत.

यातील काही औषधांमुळे फोलेटचे प्रमाणही कमी होते. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या आठवड्यांत फोलेट अपुरे असल्यास बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूत जन्मजात दोष राहण्याचा धोका वाढतो. म्हणून अपस्मार असलेल्या विवाहित स्त्रीने गर्भधारणेचा विचार सुरू होताच डॉक्टरांशी बोलणे अगत्याचे आहे. मात्र फेनिटॉइन घेणाऱ्या व्यक्तीने परस्पर मोठ्या मात्रेत फॉलिक अ‍ॅसिड सुरू केले, तर रक्तातील फेनिटॉइनची पातळी घटून झटके पुन्हा येऊ शकतात.

मुंबईच्या गिरणगावाशी नाते

फॉलिक अ‍ॅसिडच्या कथेचा आरंभ मुंबईत झाला, हे फारसे ठाऊक नसते. १९२८ साली लुसी विल्स ही ब्रिटिश संशोधिका गर्भवती स्त्रियांमधील गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी येथे आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब महिलांचा निकृष्ट आहार आणि त्यांचा रक्तक्षय यांचा संबंध तिने तपासला. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, असे तिने १९३१ साली दाखवून दिले. त्या अर्कातील अज्ञात घटक पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखला गेला.

१९४०च्या दशकात अमेरिकेत डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने हे जीवनसत्त्व प्रयोगशाळेत तयार केले आणि त्याचे कार्य रोखणारी संयुगेही घडवली. त्यांपैकी एकाचा वापर करून बोस्टनमधील डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांमध्ये रोग तात्पुरता मागे हटल्याचे १९४८ साली दाखवले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातील औषध. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना फोलेटचा उपयोग करू न देणे, हेच त्याचे काम.

आज ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि सोरायसिस यांसाठी मेथोट्रेक्सेट अल्प मात्रेत आणि बहुधा आठवड्यातून एकदाच दिले जाते. तोंडातील व्रण, मळमळ, यकृतावरील ताण हे दुष्परिणाम कमी करण्यासाठी सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिले जाते. ही दोन्ही औषधे पिवळसर, छोट्या गोळ्यांच्या रूपात मिळत असल्याने गफलत होऊ शकते. आठवड्याची गोळी रोज घेतली गेल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या घरी आठवड्याचा वार ठळक अक्षरांत लिहून ठेवणे, ही साधी काळजी जीव वाचवू शकते.

वॉरफरिन आणि पालेभाज्या

हृदयातील कृत्रिम धातूची झडप बसवलेल्या रुग्णांना रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून वॉरफरिन किंवा त्याच प्रकारचे औषध घ्यावे लागते. रक्त गोठण्यासाठी लागणाऱ्या 'के' जीवनसत्त्वाचा शरीरातील पुनर्वापर हे औषध थांबवते. पालक, मेथी, कोबी यांत 'के' भरपूर असते. त्यामुळे पालेभाज्या पूर्ण सोडाव्यात, असा समज पसरला आहे; तो बरोबर नाही. गरज आहे ती सातत्याची. एरवी न खाणाऱ्याने श्रावणात अचानक रोज पालेभाजी सुरू केली किंवा रोज खाणाऱ्याने एकदम सोडली, तर औषधाचा तोल बिघडतो. आहारात मोठा बदल करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगून रक्ताची 'आयएनआर' चाचणी करून घ्यावी.

अन्य काही औषधे

हृदयविकारात शरीरातील पाणी कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या फ्युरोसेमाइडमुळे 'ब-१' मूत्रावाटे अधिक जाऊ शकते. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, म्हणून कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्वाकडे लक्ष द्यावे लागते. वजन घटवण्यासाठीचे ऑर्लिस्टॅट चरबीचे शोषण रोखते; तिच्यासोबत अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वेही निसटतात. आतड्यांच्या दाहावरील सल्फासलाझिन फोलेटचे शोषण कमी करते.

अँटिबायोटिकसोबत बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल हवीच, ही आपल्याकडील जुनी रीत. पाच-सात दिवसांच्या उपचारात निरोगी व्यक्तीला तिची गरज असल्याचा भक्कम पुरावा नाही. गंभीर आजारी, नीट जेवू न शकणाऱ्या रुग्णाला दीर्घकाळ अँटिबायोटिक्स दिल्यास मात्र 'के' जीवनसत्त्वाची कमतरता उद्भवू शकते आणि रुग्णालयात त्यावर लक्ष ठेवले जाते.

उलट दिशेचा धोका

घट होते म्हणून मनाने टॉनिके आणि गोळ्या सुरू करणे, हा उपाय नव्हे. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी थायरॉइडच्या औषधासोबत घेतल्यास त्याचे शोषण घटते. दोहोंत साधारण चार तासांचे अंतर हवे. मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइनसोबत 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण हे औषध 'अ'च्याच कुळातील आहे. 'ड' जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवड्यांपुरती दिली जाते. ती महिनोन् महिने रोज घेतली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनमुळे थायरॉइड आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात, असा इशारा अमेरिकी प्रशासनाने २०१७ साली दिला आहे.

काय करावे?

* सुरू असलेल्या सर्व औषधांची, मात्रेसह आणि सुरू केल्याच्या वर्षासह, एक यादी करावी. आयुर्वेदिक औषधे, टॉनिके आणि केमिस्टकडून परस्पर घेतलेल्या गोळ्याही तीत असाव्यात.
* प्रत्येक डॉक्टरांना ही यादी दाखवावी. मधुमेहाचे, पोटाचे आणि हाडांचे डॉक्टर वेगवेगळे असले तरी शरीर एकच असते.
* प्रत्येक औषध किती काळ घ्यायचे आहे, हे विचारून लिहून ठेवावे.
* आपण शाकाहारी आहोत, दूध-अंडी घेतो की नाही, मद्यपान करतो का, हे डॉक्टरांना न विचारता सांगावे.
* मुंग्या, बधिरपणा, तोल जाणे, वारंवार तोंड येणे, हाडे वा स्नायू दुखणे, अकारण थकवा यांपैकी काही नव्याने जाणवल्यास ते वयाच्या माथी मारू नये.
* 'ब-१२'ची तपासणी पूरक गोळ्या किंवा इंजेक्शन सुरू करण्यापूर्वी करावी. नंतर केल्यास खरी पातळी कळत नाही.
* लेख वाचून किंवा शेजाऱ्याचा अनुभव ऐकून कोणतेही औषध बंद करू नये.

औषधाच्या चिठ्ठीवर रोगाचा विचार असतो. ती चिठ्ठी वर्षानुवर्षे चालणार असेल, तर तिच्यासोबत आहाराचा आणि वेळोवेळी करायच्या तपासणीचाही विचार असायला हवा. त्यासाठी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला तरी पुरे: 'हे औषध दीर्घकाळ घेताना कोणते जीवनसत्त्व तपासत राहावे?'